जोडाघरातला ड्रायव्हर

आमचे सरदारजी चोर नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात त्यांच्याविषयी कुणी बोलायला बसलं की लवकरच तो शब्द यायचा आणि मग बोलणाऱ्याचा आवाज खाली जायचा. मला त्या खालच्या आवाजाची भारी चीड आहे. ज्याला म्हणायचंय त्याने मोठ्याने म्हणावं, म्हणजे मलाही मोठ्याने उत्तर देता येतं.

नाव अजायब सिंग. जन्म जालंधरकडच्या खेड्यातला, पण हयात गेली इकडे परदेशात, फ्रेस्नोच्या खाली, नव्याण्णव नंबरच्या हायवेवर. टोमॅटो, बदाम, बेदाणे, अक्रोड, आमच्या खोऱ्यात जे जे पिकलं ते यांनी ओढलं. ट्रक स्वतःचा, निळा, दारावर आमच्या मुलीचं नाव: नानकी. घरी आले की आधी ट्रक धुवायचे, मग चहा. मी एकदा म्हटलं, माझ्याकडे इतकं लक्ष दिलं असतंत तर मीही चकाकले असते. तर म्हणाले, "तू कुठे हायवेची धूळ खातेस, भागवाने?" यावर भांडायचं तरी काय.

नानकीच्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात त्यांनी मदेराजवळच्या एका गोदामातून बदाम भरले. माल ओकलंडच्या बंदरावर जायचा होता. वाटेत फोन आला. पलीकडे आपल्याच बोलीतला, मधाळ आवाज, मोठ्या काकांना म्हणतात तसं ताया म्हणणारा. "सत श्री अकाल, ताया. कंपनीतून बोलतोय. बंदरावर गर्दी आहे, माल दुसऱ्या शेडवर उतरवायचाय. तायाचं गाव कोणतं?"

आमच्या लोकांना कुणी गाव विचारलं की संपलं. आम्ही विरघळतो. गाव सांगितलं, त्याचं गाव निघालं शेजारचं, मग त्याच्या मामाची विहीर निघाली, मग यांच्या आत्याचं सासर निघालं. एवढं झाल्यावर त्या माणसाला 'तू खरा कशावरून' म्हणून विचारायचं? आमच्यात ते म्हणजे त्याच्या घराण्यावर बोट ठेवणं. यांनी ठेवलं नाही. सांगितलेल्या शेडवर गेले, सील तोडलं, दार उघडलं. तिथल्या पोरांनी खुर्ची दिली, वेलची घातलेला चहा दिला. हे चहा पीत बसले आणि माल गेला.

शेरीफची माणसं आली, विचारपूस झाली, सोडून दिलं. खटला नाही, काही नाही. पण माल वाहणाऱ्यांच्या त्या कॉम्प्युटरवर यांच्या नावापुढे कुणीतरी संशयाचे चार शब्द लिहिले आणि ते पुसायला कुणी तयार होईना. दलाल यांचा फोन उचलेनात. विमा गेला. शेवटी ट्रक विकावा लागला. नव्या मालकाने दारावरचं नानकीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलं. त्या दिवशी मी पोटभर रडले, आणि रडले त्याहून जास्त संतापले.

गुरुद्वाऱ्यात रविवारी सूचना वाचायचं काम यांच्याकडे असे. आमच्या कमिटीचे प्रधान मेवा सिंग. मोठं प्रस्थ, त्यांचे ट्रक मोजायला बसलात तर चहा थंड होईल. त्यांनी यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "अजायब सिंगा, थोडे दिवस पुढे येऊ नकोस. लोक बोलतात."

"कोण लोक?" मी विचारलं. मला कुणी विचारलेलं नव्हतं, पण मी तिथेच होते.

प्रधानजींनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या रविवारी सरदारजी स्टेजजवळ गेले नाहीत. दाराशीच थांबले आणि जोडाघरात जाऊन बसले. लोक आत येताना तिथे जोडे देतात, नंबरचा बिल्ला घेतात. आतला माणूस जोडे फळीवर लावतो, पुसतो, हवं तर पॉलिशही करतो. मोठमोठे लोक ही सेवा करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्या बायकांना लगेच सुचलं, प्रायश्चित्त करतोय बिचारा.

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "प्रायश्चित्त चोराने करावं. मी तिथे कामाला बसलोय. दलबीर, मला सांग, या खोऱ्यातला ड्रायव्हर कुठे एका जागी उभा राहतो? पेट्रोलपंपावर पळत असतो, धाब्यावर फोनवर असतो. फक्त बूट काढताना थांबतो. तेवढ्यात मी त्याला विचारणार."

आणि खरंच विचारायला लागले. बूट हातात घ्यायचे आणि बिल्ला द्यायचाच नाही. "लोड कुणाचा? पत्ता बदलला का? कुणी सांगितलं? तू उलटा फोन कुठे केलास?" त्यांचा एकच हेका होता. ज्या नंबरवरून फोन आला त्यावर परत फोन करून विचारण्यात अर्थ नाही, तो त्याचाच नंबर. ज्या फाटकातून माल भरलास त्या फाटकाच्या पाटीवर नंबर लिहिलेला असतो. माल भरताना त्या पाटीचा फोटो काढून ठेव. कुणी पत्ता बदलला म्हणून सांगितलं की त्या फाटकावर फोन लाव, सांगणारा तुझा सख्खा मामा का असेना.

पोरं वैतागायची. "ताया, बूट घे, जबानी नको घेऊस." एक म्हणायचा, "मोजे फाटलेत, तेवढं सोडून काहीही विचार." यांना त्यांनी नाव ठेवलं इन्स्पेक्टर. हे हसायचे आणि परत विचारायचे. घरी मात्र वेगळंच. ट्रक नाही, काम नाही, तरी दरवेळी डॉक्टरची तपासणी करून ट्रकचं लायसन्स पुन्हा काढून आणायचे. मी म्हणायचे, हे कशाला? तर म्हणायचे, "मी ड्रायव्हर आहे म्हणून."

असाच पिस्त्याच्या हंगामातला एक रविवार. ऊन असं की पार्किंगचं डांबर मऊ पडलेलं. मी सकाळपासून लंगरच्या तव्यापाशी होते. मनरूप आली. ही आमच्या जुन्या मित्राची मुलगी. तो वारल्यावर हिने दुसऱ्यांचे ट्रक चालवून चालवून याच वर्षी स्वतःचा घेतला होता. आदल्या दिवशी पिस्ते भरले होते, ट्रेलर गुरुद्वाऱ्याच्या पार्किंगमध्ये लावला होता, सोमवारी बंदरावर न्यायचा होता. पोळ्या लाटायला माझ्याशेजारी येऊन बसायची ती, म्हणून मी वाट बघत होते. पण पोरगी येईना. बाहेर जाऊन बघते तर सरदारजी तिचे बूट छातीशी धरून उभे.

"ताया, बिल्ला दे ना."

"आधी सांग. ट्रेलर न्यायला माणसं कुठून येतायत?"

"सांगितलं ना. कंपनीतून कुणी लाली म्हणून आहेत, त्या वीरजींचा फोन होता. बंदरावर तपासणी चाललीय, माल फोंटानाच्या शेडवर जाणार. मी म्हटलं आज गुरुद्वाऱ्यात आहे, तर म्हणाले तू कशाला हेलपाटा घालतेस, आमची गाडी येऊन ट्रेलर जोडून नेईल. एवढे चांगले आहेत. मी म्हटलं, याच, लंगर घेऊनच जा."

आता बघा. चोराला जेवायचं आमंत्रण फक्त आमचीच मुलगी देऊ शकते.

"गाव विचारलं त्याने?" सरदारजींनी विचारलं.

"हो, नकोदरचे आहेत. माझ्या आजोळचं नावसुद्धा माहीत होतं त्यांना."

यांचा चेहरा मी बघितला. रागावले नाहीत. बूट फळीवर ठेवले, बिल्ला दिला आणि म्हणाले, "पुत्तर, फाटकाचा फोटो आहे?"

"आहे. तुझ्या कटकटीमुळे काढला होता."

"लाव फोन."

"ताया, आज रविवार. आणि ते खरे असले तर? ही कंपनी पहिल्यांदाच मला माल देतेय. मी संशय घेतला असं कळलं तर परत उभी करणार नाहीत."

"आणि खोटे असले तर सगळं खोरं तुला चोर म्हणेल," सरदारजी म्हणाले. "ते कसं असतं ते मला विचार. नको, माझ्या बायकोला विचार."

मनरूपने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं असणारच. तिने फोन लावला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने उचलला. त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, साहेबांना घरी विचारून कळवतो, तोवर ट्रेलर हलवू नका. फोन ठेवेपर्यंत पार्किंगमध्ये नुसतं तोंड असलेला एक पांढरा ट्रक शिरला, मागे ट्रेलर नाही.

सरदारजींनी मला हळूच सांगितलं, "पोरीला आत ने. फोन आला की मला इशारा कर. आणि पाहुण्यांना पोटभर वाढ."

मी मनरूपला स्वयंपाकघरात कणकेच्या परातीमागे बसवलं. तिच्या पोळ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या निघत होत्या. तिचा मोबाईल मी पिठाच्या डब्यावर ठेवला.

दोघं आले. एक तिशीतला, दाढी नीट राखलेली, अंगात चमकणारं केशरी जाकीट. दुसरा गोरा, जाडजूड, घामाने निथळलेला. मनरूप फोन उचलेना म्हणून तिला शोधत आत आले. आत यायचं तर डोकं झाकायचं, जोडे काढायचे. सरदारजींनी दोघांचे जोडे दोन्ही हातांनी घेतले, बिल्ले दिले, वर रुमालही दिले. अगदी जावयाचं स्वागत.

"बीजी, मनरूप दीदी कुठे?" त्या केशरी जाकीटवाल्याने मला विचारलं. आवाज खरंच गोड होता.

"येतेय. बसा, जेवून घ्या."

"घाईत आहोत, बीजी."

"गुरूच्या घरातून उपाशी जाता? तुमच्या आईने हेच शिकवलं का?"

बसला. आमचाच पोरगा होता तो, कुठल्या तरी आईने शिकवलेला. रांगेत बसून त्याने ओंजळ पुढे केली. मी पोळी टाकली. डाळ, भाजी, खीर. ताटातलं टाकायचं नाही हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून पोळी संपवली की मी लगेच दुसरी टाकायची. "नको, बीजी." "अर्धी घे." अर्धी म्हणून मी कधी कुणाला अर्धी वाढलेली नाही. दुसऱ्याच्या ट्रकवर डोळा ठेवणारा तो माणूस, पण पोळी टाकून उठायचं त्याच्याच्याने होईना. गोऱ्याला मांडी घालता येत नव्हती, पण खीर त्याने तीनदा मागून घेतली.

शेवटी पोरगा ताट घेऊन उठलाच. मी पोळ्यांची टोपली तशीच काखेत घेऊन मागोमाग जोडाघरापर्यंत गेले. सरदारजी खाली मान घालून त्याचाच बूट घासत होते.

"ताया, बूट दे. हा बिल्ला."

"देतोच की. पॉलिश चाललंय."

"राहू दे पॉलिश."

"सेवा अर्धी टाकत नाहीत, पुत्तर. एक झालाय, एक व्हायचाय. एक काळा, एक धुळीचा, बरा दिसशील का?" मग त्यांनी ब्रश थांबवून वर बघितलं. "तुझं गाव कोणतं?"

पोरगा हसला. सवयच ती. "नकोदर."

"नकोदरात कुणाकडचा?"

"बाजारातले. आजोबांचं दुकान होतं."

"कापडाचं की बियाण्याचं?"

"बियाण्याचं."

"म्हणजे रेल्वे फाटकाजवळ? तिथे एक लंगडा मिठाईवाला असायचा."

अशी यांनी त्याला त्याच्याच गावातून गल्लोगल्ली फिरवला. पोरगा एकदा पार्किंगकडे बघायचा, एकदा बुटाकडे, आणि उत्तर द्यायचा. गाव विचारणाऱ्या म्हाताऱ्याला तोडून टाकणं त्यालाही जमेना. मला हसू येत होतं, पण एक डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे होता.

तेवढ्यात मनरूप कणकेच्या हातांनीच बाहेर आली. फोन कानाला, डोळे भरलेले. "ताया, पत्ता बदललेला नाही. त्यांनी कुणालाच पाठवलेलं नाही. शेरीफला त्यांनीच फोन केलाय."

सरदारजींनी दुसरा बूट उजेडात धरून बघितला, पहिल्याशेजारी ठेवला आणि दोन्ही आपल्या मागच्या फळीवर सरकवले. "ऐक, बाळा," ते म्हणाले. "माझं गाव विचारून कुणीतरी माझ्या ट्रकातला माल नेला होता. मी तुझं गाव विचारलं आणि नुसते बूट ठेवून घेतले. फार काही महाग पडलं नाही तुला."

पोरगा तसाच अनवाणी पळाला. पण डांबर तव्याहून तापलेलं, आणि त्याच्या ट्रकसमोर आमच्या ड्रायव्हर पोरांनी सरदारजींच्या सांगण्यावरून एव्हाना आपले ट्रक आडवे लावलेले. एकही जण हातात काठी घेऊन उभा नव्हता, सगळे आपापल्या ट्रकच्या सावलीत निवांत बसून कलिंगड खात होते. मग तो कडेच्या द्राक्षमळ्यात शिरला. तिथे सराट्यांचं रान. थोडं आत जाऊन मातीत बसला, पाय हातात घेऊन. शेरीफची गाडी आल्यावर त्यांचाच एक शिपाई चिमटा घेऊन त्याचे काटे काढत बसला. गोरा पळालाच नाही. म्हणाला, मला रोजावर बोलावलंय, मला काही माहीत नाही. खरं असेल, खोटं असेल.

शेरीफकडच्या अधिकारी बाईने यांची जबानी घेतली. नाव विचारलं, मग विचारलं, काम काय करता. यांच्या हातात ब्रश, बोटांना काळं लागलेलं, मागे जोड्यांच्या फळ्या.

"ट्रक ड्रायव्हर," सरदारजी म्हणाले, आणि खिशातून लायसन्स काढून तिच्यापुढे धरलं. तिने तारीख बघितली, मान डोलावली आणि तसं लिहिलं. तेव्हा मला कळलं ते लायसन्स कशासाठी होतं.

रात्री मी विचारलं, तुम्हाला फसवलं तो हाच होता का? "कुणाला ठाऊक," ते म्हणाले. "आवाज सगळ्यांचाच गोड असतो." मनरूपने सोमवारी माल बंदरावर पोचवला आणि तिथून यांना फाटकाचा फोटो पाठवला, नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही.

पुढच्या रविवारी दिवाण, म्हणजे सगळ्या संगतीची बैठक, भरला असताना प्रधानजींनी माइकवरून यांचं नाव पुकारलं. सरोप्याचं केशरी कापड हातात तयार होतं, सत्कार करायचा होता. सरदारजी जोडाघरातून आत आले, माथा टेकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरोपा पोरीला घाला, फोन तिने केला. मी चोर नव्हतो तेव्हा तुम्ही मला मागे बसवलंत. मी आजही तोच आहे, त्यामुळे पुढे आणायचं काही कारण नाही. मला फक्त थोडा वेळ माइक द्या."

प्रधानजींनी माइक दिला. न देऊन करतात काय, सगळी संगत बघत होती.

"मला एकट्यालाच फसवलं असं मी बरीच वर्षं समजत होतो," सरदारजी म्हणाले. "पण जोडाघरात बसून मला बूट कळायला लागलेत. पत्ता बदलला का म्हणून विचारलं की काही जण खाली बघतात. ते का, ते मला ठाऊक आहे. मी आज कुणाचं नाव घेणार नाही. ज्याचा माल असा गेला आणि ज्याने लाजेपोटी तो गिळला, त्याने उभं राहावं. लाज आपल्याला वाटते म्हणून धंदा त्यांचा चालतो."

कुणी हलेना. मला वाटलं, झालं, सरदारजींनी स्वतःच्या हाताने आपलं हसं करून घेतलं. मग मागून मोजे फाटलेला तो पोरगा उभा राहिला. मग एक जख्ख म्हातारा, ज्याने ट्रक का विकला हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं; ते मला तिथेच कळलं, कारण ती माझ्याशेजारी बसली होती आणि तिने तोंडावर ओढणी घेतली. मग दोन भाऊ एकदम. मग इकडे एक, तिकडे एक. आणि मग स्टेजजवळ, ते केशरी कापड हातात तसंच धरून, प्रधान मेवा सिंग उभे होते. आधीपासूनच उभे होते ते, पण आता त्यांनी कापड खाली ठेवलं आणि मान वर केली.

"माझे दोन ट्रेलर गेले," ते माइकशिवायच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अजायबच्या आधी गेले. मी तेव्हा बोललो असतो तर अजायबने दार उघडलं नसतं."

मी त्यांना काय काय ऐकवणार होते त्याची माझ्याकडे वर्षानुवर्षांची तयारी होती. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. सरदारजींनी माइक जागेवर ठेवला आणि आपल्या जागी परत गेले, कारण दाराशी उशिरा आलेल्यांची रांग लागली होती.

त्यापुढच्या रविवारी मी तव्याकडे जाताना बघितलं तर प्रधानजी जोडाघराच्या आत उभे. पगडी नीट, बाह्या वर केलेल्या, आणि हात कुठे ठेवावेत हे कळत नसलेले. फळीवर ते काळे चकचकीत बूट अजून तसेच होते, बिल्ला घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

"अजायब," प्रधानजी म्हणाले, "ड्रायव्हर आला की काय काय विचारायचं असतं, ते एकदा मला नीट सांग."

सरदारजींनी समोरच्या ढिगातले चिखलाने भरलेले बूट त्यांच्याकडे सरकवले.

"आधी बूट उचला, प्रधानजी."